हातानं लिहिलेलं पत्र आणि लाखेची मोहोर: कागद निवडण्यापासून टपालात टाकेपर्यंत

मोहोर केलेलं पत्र बिघडतं ते बहुतेक वेळा लाख वितळवण्याच्या आधीच. शाई वाळायच्या आत घडी घातलेली असते, पत्ता लिहायचा राहिलेला असतो, पाकिटाचं झाकण चिकटवलेलंच नसतं आणि सगळा भार त्या चिमुकल्या मोहोरेवर पडतो. पत्र पोचतं तेव्हा मोहोरेच्या जागी एक तेलकट डाग उरतो, किंवा आतल्या ओळींची उलटी छाप समोरच्या पानावर उमटलेली असते.

हे टाळायचं तर क्रम पाळायला हवा: आधी मजकूर, मग वाळवणं, पत्ता, घडी, डिंक, तिकीट आणि सगळ्यात शेवटी लाख. मोहोर झाल्यावर पाकिटाला पुन्हा पेन लावायचं नाही, त्यावर काही दाबायचंही नाही. खालचे टप्पे याच क्रमानं आहेत.

## टप्पा १: कागद, शाई आणि पाकीट एकत्र निवडा

या तीन गोष्टी सुट्या सुट्या आणल्या की एकमेकींशी जुळत नाहीत. कागद सुंदर असतो, पण पेनाची शाई त्यावर फुटते. पाकीट छान असतं, पण घडी त्यात मावत नाही.

कागद. प्रिंटरचा नेहमीचा कागद साधारण ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. बॉलपेनला तो पुरतो. फाउंटन पेनसाठी ९० ते १२० जीएसएमचा घ्या. त्याहून जाड घेतला तर दोन-तीन पानांची घडी फुगते आणि फुगलेल्या पाकिटावर मोहोर नीट बसत नाही. मात्र केवळ जाडीवर विसंबू नका. जाड पण भुसभुशीत कागद शाई पिऊन टाकतो आणि पातळ पण घट्ट कागद ती वरच धरून ठेवतो.

तपासा: कागदाच्या कोपऱ्यात तुमच्याच पेनानं एक ओळ लिहा आणि नखाएवढा चौकोन शाईनं भरा. एक मिनिट थांबा. अक्षरांच्या कडेला केसासारखे फाटे फुटले असतील तर हा कागद आणि ही शाई एकत्र चालणार नाहीत. मागच्या बाजूला फक्त सावली दिसत असेल तर पानाच्या एकाच बाजूनं लिहा. ठिपके आरपार आले असतील तर कागद बदला.

शाई. आतल्या मजकुराला कोणतीही शाई चालते, फक्त एक सोडून. घासून खोडता येणाऱ्या जेल पेनानं पत्र लिहू नका. त्या पेनांची शाई उष्णतेनं रंगहीन होते, साधारण ६० अंश सेल्सिअसला. मोहोरेखालच्या ओळी तर जातीलच, शिवाय उन्हात तापलेल्या गाडीत पाकीट राहिलं तर पूर्ण पान कोरं व्हायची भीती. पत्त्यासाठी पाण्यानं न पसरणारी शाई हवी: पिगमेंटची शाई किंवा साधं बॉलपेन. फाउंटन पेनाच्या बहुतेक रंगीत शाया पाण्याच्या थेंबानं पसरतात.

पाकीट. मापं पाठ असली की काम सोपं होतं:

- ए४ पान (२१० × २९७ मिमी) तीन समान भागांत दुमडलं की ते डीएल पाकिटात (११० × २२० मिमी) जातं.
- ए५ पानाची (१४८ × २१० मिमी) एक घडी केली की ते सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) जातं.

लांब आणि टोकदार झाकणाचं पाकीट मोहोरेला सगळ्यात सोयीचं, कारण टोक कुठं आहे ते स्पष्ट दिसतं. चकचकीत किंवा प्लास्टिकचा थर असलेलं पाकीट घेऊ नका. लाख कागदाच्या तंतूंत शिरून धरते. गुळगुळीत थरावर ती नुसती बसते आणि पहिल्याच धक्क्याला टपकन निघून येते.

## टप्पा २: लाख आणि शिक्का

इथं घाई करू नका. टपालात मोहोर टिकणार की नाही, हे इथंच ठरतं.

बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात. पहिली अस्सल, राळ-लाखेची कठीण कांडी. तिच्यात ठसा अतिशय रेखीव उमटतो, पण ती ठिसूळ असते आणि वाकली की तडकते. हाती द्यायच्या पत्राला ती उत्तम. दुसरी लवचीक लाख, कृत्रिम राळ मिसळलेली. ती दाण्यांच्या, वातीच्या कांडीच्या किंवा ग्लू गनमध्ये बसणाऱ्या कांडीच्या रूपात मिळते. टपालानं जाणाऱ्या पत्राला हीच वापरा. तिसरा प्रकार म्हणजे घरातली मेणबत्ती. ती वापरायचा मोह टाळा. मेणबत्तीचं मेण कागदात तेलासारखं पसरतं, उकाड्यात मऊ पडतं आणि ठशाच्या बारीक रेषा धरत नाही. रंग कितीही आवडला तरी तिनं पत्राचं नुकसानच होतं.

वितळवायची पद्धतही आताच ठरवा. नवशिक्यांना माझा सल्ला दाणे आणि लाकडी मुठीचा छोटा चमचा हाच. लाख किती घ्यायची ते मोजता येतं, ती किती तापली ते दिसतं आणि चुकलं तर परत वितळवता येतं. वातीची कांडी दिसायला देखणी, पण ज्योतीची काजळी वितळलेल्या लाखेत मिसळते आणि फिक्या रंगात काळे ओरखडे दिसतात. ती वापरायचीच असेल तर जवळपास आडवी धरून सतत फिरवत राहा आणि गडद रंगाची घ्या. वीस-पंचवीस पाकिटं एका बैठकीत करायची असतील तर ग्लू गन सोयीची. कांडी ७ मिमीची की ११ मिमीची हे गनच्या मापावरून ठरवा. डिंकाच्या कांड्यांसाठी वापरलेली गन लाखेला घेऊ नका, उरलेला डिंक लाखेत येतो.

शिक्का. पितळी तोंडाचा, साधारण २५ मिमी व्यासाचा शिक्का घ्या. पितळ लाखेची उष्णता पटकन ओढून घेतं, म्हणून ठसा लवकर घट्ट होतो आणि शिक्का सुटून येतो.

स्वतःच्या नावाचा शिक्का करून घेणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलेलं असतं, तेव्हा ते मोहोरेत सुलटं दिसतं. नक्षी देताना ती सुलटीच द्या आणि उलटी कोण करणार हे विचारून घ्या. दोघांनीही उलटी केली की मोहोरेत अक्षर उलटं उमटतं. दुसरं म्हणजे देवनागरीची नाजूक जोडाक्षरं एवढ्याशा जागेत भरून येतात. रफार आणि अनुस्वार तर दिसेनासे होतात. एकच ठसठशीत, जाड दांड्याचं अक्षर निवडा. पूर्ण नाव कोरायचा हट्ट सोडलेला बरा.

तपासा: शिक्क्याच्या नक्षीची वरची बाजू कुठली ते पाहून मुठीवर त्याच बाजूला रंगाचा ठिपका किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावा. तिरकी मोहोर होण्याचं मुख्य कारण हेच, की शिक्का उपडा धरल्यावर वरची बाजू कळत नाही.

## टप्पा ३: मजकूर

मोहोर पत्रासाठी असते. आत चार औपचारिक ओळी असतील तर बाहेरची लाख पोकळ वाटते. म्हणून लिहायला बसण्याआधी एका चिठोऱ्यावर तीन-चार मुद्दे टिपून घ्या: काय सांगायचं, काय विचारायचं, आणि त्या एका व्यक्तीलाच सांगावंसं वाटेल असं काय आहे. पूर्ण पत्र आधी कच्चं लिहून मग सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नका. उतरवलेल्या पत्रातला बोलता सूर निघून जातो. सांत्वनाचं किंवा माफीचं पत्र याला अपवाद. तिथं एकेक शब्द तोलावा लागतो, म्हणून कच्चा मसुदा हवाच.

पत्र पाठवायला उशीर झाल्याबद्दलच्या दिलगिरीनं सुरुवात करू नका. मायना झाला की थेट विषयात शिरा. शेवटी निदान एक खरा प्रश्न विचारा, उत्तर लिहायला समोरच्याला धागा मिळतो. फोनवर एका वाक्यात सांगता येतील अशा बातम्यांपेक्षा एखादीच गोष्ट घ्या आणि ती नीट, तपशिलानं सांगा.

आता लिहिण्याची बैठक. कोऱ्या कागदाखाली जाड रेघांचा कागद ठेवा, म्हणजे ओळी खाली-वर जाणार नाहीत. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत ९ ते १० मिमी अंतर मोकळं वाटतं. डावीकडे २ सेंमी समास सोडा. वर तारीख लिहा, तीही वर्षासकट. एकाहून जास्त पानं असतील तर क्रमांक घाला. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारा आणि पुढं लिहा. पांढऱ्या शाईचे ठिगळ खोडाखोडीपेक्षा वाईट दिसतात आणि घडीत समोरच्या पानाला चिकटतातही. आठवलेली गोष्ट राहून गेली असेल तर त्यासाठी ता. क. आहेच.

सावधान: टीपकागद वापरत असाल तर तो वरून दाबा, फिरवू नका.

तपासा: शेवटच्या ओळीतला सगळ्यात जाड फराटा शोधून त्यावर स्वच्छ टिश्यूचं टोक हलकेच टेकवा. रंग उतरला नाही, तरच पुढं जा. फाउंटन पेनानं लिहिलेलं पान १५ मिनिटं उघडं राहू द्या.

## टप्पा ४: पत्ता, घडी, डिंक, तिकीट

पत्ता रिकाम्या पाकिटावर लिहा. पत्र आत घातल्यावर लिहिलं तर पेनाचा दाब आतल्या पानावर वळ उठवतो. आणि मोहोर झाल्यावर लिहायला घेतलं तर पाकीट डुगडुगतं, अक्षर वाकडं येतं, वर मोहोर तडकते ती वेगळीच. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या झाकणावर लिहायची सवय असेल तर या वेळी तो पुढच्या बाजूला लिहा. मागं मोहोर येणार आहे.

घडी मजकूर आत राहील अशी घाला. ए४ पानाचा खालचा तिसरा भाग (९९ मिमी) आधी वर आणा, मग वरचा भाग त्यावर. दोन्ही कडा जुळल्याची खात्री करून मगच घडी दाबा. एकदा चुकीची पडलेली घडी पुसता येत नाही. अनेक पानं असली तरी ती एकत्रच दुमडा.

सोबत काही घालणार असाल तर ते इथंच पाहून घ्या. पावत्या आणि प्रवासाची तिकिटं अनेकदा उष्णतेनं काळ्या पडणाऱ्या कागदावर छापलेली असतात. गरम लाखेच्या अगदी खाली आली तर त्यांवर काळा डाग पडतो. छायाचित्राचा मुलामाही चिकटू शकतो. अशा वस्तू आणि झाकण यांच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीचा एक कागद घाला. तसंही असं कार्ड घातलं की मोहोरेला सपाट बैठक मिळते, म्हणून मी ते नेहमीच घालायला सांगते.

मग झाकण डिंकानं पूर्ण चिकटवा. पाकीट बंद ठेवायचं काम डिंकाचं. टपालाच्या प्रवासात नुसत्या मोहोरेवर विसंबलेलं झाकण एका कोपऱ्यातून उचकटतं आणि तो ताण थेट लाखेवर येतो. चिकटवल्यावर पाकीट जाड पुस्तकाखाली दहा मिनिटं ठेवा. ओल्या डिंकावर गरम लाख ओतली तर कागद सुरकुततो.

तिकीटही आताच लावा. वजन करताना पाकिटाशेजारी काट्यावर लाखेचे दाणेही ठेवा, म्हणजे मोहोरेसकटचं वजन कळेल.

## टप्पा ५: रंगीत तालीम

पाकिटावर पहिल्याच फटक्यात मोहोर करू नका. त्याच जातीच्या एका जादा पाकिटावर आणि शक्य तर सिलिकॉनच्या मॅटवर निदान दोन-तीन करून पाहा. लाख किती लागते, किती सेकंद थांबायचं, हे खोलीच्या तापमानावर आणि तुमच्या लाखेवर अवलंबून असतं. ते तालमीतच कळतं.

टेबलाची तयारी अशी ठेवा:

- पंखा बंद. वाऱ्यानं ज्योत हलते आणि लाख एका बाजूनं लवकर थिजते.
- पाकिटाखाली कडक, सपाट पाटी. मऊ टेबलक्लॉथ नको.
- उजव्या हाताला चमचा, काडी आणि शिक्का. डाव्या हाताला ओलं फडकं आणि पाण्याचं भांडं. डावखुऱ्यांनी उलट मांडावं.
- बर्फाची पिशवी आणि कोरडं फडकं.
- केस बांधलेले, बाह्या वर, ओढणी किंवा उपरणं दूर.

सावधान: गरम लाख अंगावर पडली तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग २० मिनिटं धरा. चिकटलेली लाख ओढून काढू नका, तिच्यासोबत त्वचा निघते. मोठा फोड आला तर डॉक्टरांना दाखवा.

तपासा: तालमीचं पाकीट दुसऱ्या दिवशी हातात घेऊन थोडं वाकवा. मोहोर पाकिटासोबत वाकली तर टपाल सहन करील. तडकली किंवा कडेनं सुटली तर लाख बदला, किंवा टप्पा ७ मधला दुहेरी पाकिटाचा मार्ग घ्या.

## टप्पा ६: मोहोर

१. जागा ठरवा. मोहोरेचं केंद्र झाकणाच्या टोकावर यायला हवं, म्हणजे अर्धी लाख झाकणावर आणि अर्धी पाकिटावर. पेन्सिलीनं बारीक ठिपका द्या.

२. शिक्का थंड करा. त्याचं तोंड एक-दोन मिनिटं बर्फाच्या पिशवीवर टेकवा आणि कोरडं पुसा. पाण्याचा थेंब राहिला तर मोहोरेत तिथं खड्डा पडतो. लागोपाठ मोहोरा करताना पितळ तापत जातं. चौथी-पाचवी मोहोर चिकटायला लागते ती यामुळंच. दर वेळी पुन्हा थंड करा.

३. लाख वितळवा. २५ मिमीच्या शिक्क्याला साधारण तीन ते चार दाणे लागतात. नेमका आकडा तालमीत ठरलेला असेल. चमचा ज्योतीच्या टोकापासून २ ते ३ सेंमी वर धरा. ज्योतीत बुडवलात तर चमच्याचं बूड काजळेल आणि लाख उकळेल. काडीनं हळूहळू ढवळा, गुठळी राहू देऊ नका.

बुडबुडे दिसले की समजा, लाख जास्त तापली. चमचा बाजूला घ्या आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबा. अति गरम लाख पातळ होऊन वेडीवाकडी पसरते, कागदावर तेलाची कडा सोडते आणि शिक्क्याला चिकटते. हवी तशी लाख घट्ट मधासारखी संथ ओघळते.

४. ओता. ठिपक्याच्या वर २ ते ३ सेंमी उंचीवरून, एकाच जागी, न थांबता ओता. चमचा गोल फिरवत ओतायची गरज नाही, लाख स्वतःच गोल पसरते. थारोळं शिक्क्यापेक्षा थोडं लहान असू द्या, २० मिमीच्या आसपास. दाबल्यावर ते कडेपर्यंत पसरेल. आकार बिघडला तर काडीच्या टोकानं कड सारखी करा, पण दोन-तीन सेकंदांतच.

५. थांबा. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. ओतल्याबरोबर शिक्का टेकवला तर लाख दोन्ही बाजूंनी निसटते, मधला थर कागदाइतका पातळ होतो आणि नेमका तोच पुढं तुटतो. ५ ते १० सेकंद द्या. ग्लू गनची लाख जास्त तापलेली असते, तिला आणखी थोडे. थारोळ्याच्या कडेची चकाकी किंचित मंदावली की वेळ झाली.

६. टेकवा. मुठीवरचा ठिपका पाकिटाच्या वरच्या बाजूला आहे ना, हे पाहून शिक्का सरळ खाली सोडा. जोर लावू नका. पितळाचं वजन आणि बोटाचा हलका भार पुरतो. मोहोर २ ते ३ मिमी जाड राहायला हवी. टेकवल्यावर फिरवू नका, सरकवू नका.

७. सोडून द्या. ३० सेकंद हात काढून घ्या. मग मूठ अगदी किंचित डोलवा. लाख थंड झाली असेल तर शिक्का आपसूक सुटतो. सुटला नाही तर ओढू नका. शिक्क्याच्या पितळाला बर्फाची पिशवी मिनिटभर लावा आणि पुन्हा डोलवा.

ठसा अर्धवट आला? तीच मोहोर पाकिटावर पुन्हा तापवायला जाऊ नका, कागद करपतो. तालमीत सिलिकॉनवर केलेली एखादी चांगली मोहोर तुमच्याकडे असेल, तर बिघडलेली पातीनं हलकेच उचलून तिच्या जागी दुहेरी चिकटपट्टीनं ती बसवा. अनेक निमंत्रणं पाठवायची असतील तेव्हा तर सगळ्या मोहोरा आधीच अशा सुट्या करून ठेवणं शहाणपणाचं. एकही पाकीट वाया जात नाही.

रेषा उठून दिसाव्यात असं वाटत असेल तर मोहोर पूर्ण थंड झाल्यावर फक्त वर आलेल्या भागावर सोनेरी किंवा रुपेरी मार्कर हलका फिरवा. मोहोरेखालून दोरा किंवा वाळलेलं फूल बाहेर काढायची पद्धत हाती द्यायच्या पत्रापुरती ठेवा. टपालात ते अडकतं आणि मोहोरेसकट उपटून निघतं.

चमचा गरम असतानाच टिश्यूनं पुसा, नाहीतर पुढचा रंग गढूळ होतो. उरलेली लाख बेसिनमध्ये ओतू नका, ती नळीत थिजते. सिलिकॉनवर थिजू द्या, पुन्हा वापरता येते.

## टप्पा ७: टपाल

पत्रं छाटणाऱ्या यंत्रांत पाकिटं रोलरांमधून वळत, दाबली जात पुढं सरकतात. उंचवटा असलेल्या पाकिटाला तिथंच मार बसतो. म्हणून महत्त्वाचं पत्र पेटीत टाकण्यापेक्षा टपाल कार्यालयाच्या खिडकीवर द्या, मोहोर दाखवा आणि जाडीमुळं जास्त तिकीट लागेल का ते विचारा. तिकिटावरचा टपालाचा शिक्का हातानं मारून मिळत असेल तर तशी विनंती करा.

ठिसूळ लाख वापरली असेल किंवा पत्र परदेशी जाणार असेल तर मोहोरेचं पाकीट एका मोठ्या साध्या पाकिटात घाला. डीएल किंवा सी६ पाकीट सी५ मध्ये (१६२ × २२९ मिमी) बसतं. पत्ता आणि तिकीट मग बाहेरच्या पाकिटावर, आत फक्त नाव. थोडा खर्च वाढतो, पण मोहोर शाबूत पोचवायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

एकावर एक पाकिटं ठेवायची असतील तर मध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठा उन्हापासून दूर ठेवा. लवचीक लाख उष्णतेनं मऊ होऊन वरच्या पाकिटाला चिकटते. ज्यांना मोहोर जपून ठेवायला आवडेल त्यांच्यासाठी पाकिटाच्या अरुंद बाजूला पेन्सिलीनं बारीक बाण काढून "इथून कापा" असं लिहा, अर्थात लाख ओतण्याच्या आधी, पत्ता लिहितानाच.